साखळी कुठल्या चाकांना?

"तयारी पाहिजे ना भाऊ!" असं म्हणून तो आधी रुमालानं कपाळ पुसायचा आणि मग कामाला हात घालायचा. काम कोणतं? ऐन ऑगस्टात, मस्कतजवळच्या अल खौदमधल्या आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या चाकांना बर्फावर चालवायच्या साखळ्या चढवण्याचं. हसू नका. आधी मीही हसलो होतो.

तो नागपूरचा, कंपनीत नकाशे काढणारा. मी त्याच कंपनीच्या गॅरेजमध्ये वीस वर्षं. कॅनडाचे अर्ज आम्ही एकाच टेबलावर बसून भरले. त्याचा मंजूर झाला, माझा वयात अडकला. त्यानं पेढे आणले. मी दोन खाल्ले आणि त्या दिवसापासून त्याच्यावर जळू लागलो. लपवून काय उपयोग? असा एक शेजारी तुम्हालाही असेल, ज्याचं चांगलं झालेलं बघवत नाही आणि ज्याच्याशिवाय सुट्टीचा शुक्रवारही जात नाही.

साखळ्या त्यानं परदेशातून मागवल्या होत्या. उन्हात लोखंड इतकं तापायचं, की बायकोचे ओव्हनचे हातमोजे घालून तो चाकापाशी बसायचा. पार्किंगमधली वाळू म्हणजे बर्फ. मी भिंतीच्या सावलीत मोबाइलवर वेळ मोजायचो.

"किती झाले भाऊ?"

"अकरा मिनिटं." झालेली असायची नऊ. तेवढंच मला समाधान.

वरच्या मजल्यावरचे ओमानी आजोबा एकदा थांबले. "सदीक, दोस्त, बर्फ किधर है?"

"आएगा बाबा, इन्शाल्ला!"

आजोबा हसत गेले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्याला बर्फ खरंच मिळणार होता.

शेवटच्या शुक्रवारी त्यानं मला मुद्दाम जवळ बोलावलं. मी वाकून पाहिलं. इंजिन फिरवतं त्या चाकांना साखळी लावायची, हे गॅरेजमधला नवखाही सांगेल. याच्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवत होतं आणि पठ्ठ्यानं साखळ्या मागच्या चाकांना चढवल्या होत्या.

"बरोबर आहे ना भाऊ? तुम्ही गॅरेजवाले."

"झकास," मी म्हणालो.

तो कॅनडाला गेला. मग रोज सकाळी मी मस्कतच्या आधी त्याच्या गावाचं तापमान बघू लागलो. उणे झालं तसं गॅरेजमध्येही तासातासाला बघायचो. त्याची दोन लहान मुलं तिथल्या तशाच गाडीत बसणार होती. शेवटी फोन लावला आणि कसा आहेस हेही न विचारता ओरडलो, "साखळी पुढच्या चाकांना लाव रे!"

तो हसला. "भाऊ, आमच्या गावात साखळ्या लावूच देत नाहीत. बर्फाचे टायर घातले, आरामात चालवून राहिलो." मग आवाज जरा खाली आला. "आणि पुढचं-मागचं मला मस्कतलाच समजलं होतं. त्याच संध्याकाळी व्हिडिओत पाहिलं. पण तुम्ही झकास म्हणाले होते. वीस वर्षं गॅरेजमध्ये असून तुम्हाला ठाऊक नाही, हे तोंडावर कसं सांगू? वाईट वाटलं असतं तुम्हाला."

मला ठाऊक होतं, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण ते म्हटले असते तर मग गप्प का राहिलो, तेही सांगावं लागलं असतं.

"तुमचंही काम होईल भाऊ," तो म्हणाला. "या तुम्ही. इथं सगळं मी शिकवतो तुम्हाला."

"शिकव," मी म्हणालो.