बर्फगाडीचा जेट

आखातातल्या मुऐदर भागात एका व्हिलामध्ये मालकाने हौसेने आणलेली बर्फावर चालवायची जुनी गाडी होती. तिच्याखाली बर्फ कधी आलाच नाही. ती वाळूकडे बघत स्वप्नात असल्यासारखी उभी असायची. तिचे दोन्ही कार्ब्युरेटर काढून साफ करायला आमच्या गॅरेजमधून आम्ही दोघे गेलो. काम माझ्या रत्नागिरीच्या सोबत्याच्या नावावर होतं. पेट्रोल सोडणारा पितळेचा जेट नखाएवढा. उन्हात धरला की भोकातून चिमुकला सूर्य दिसे.

“काका, सुई घालू नका हां. नुसती हवा मारा.”

“आता तू शिकव मला!” मी म्हणालो, आणि तो पाणी आणायला गेल्यावर सुई फिरवली. भोक मोठं झालं. गाडी धूर ओकत बंद पडली.

“जेट कोणी बिघडवला?” आमच्या गॅरेजच्या मालकाने विचारलं. मी हत्यारं पुसत राहिलो. “खलास,” तो माझ्या सोबत्याला म्हणाला, म्हणजे नोकरी संपली. महिन्याभरात त्याला गावी परतावं लागलं.

तो जेट मी जपून ठेवलाय. काल खिडकीत धरला, तर सूर्य लंबगोल दिसला. त्याचा फोटो सोबत्याला पाठवून लिहिलं, “सुई मीच घातली होती.”

उत्तर आलं, “काका, सांगितलं होतं ना, नुसती हवा.”