खलनायकाला झोप यावी म्हणून

नाटकवाल्यांच्या घरात धूळ आणि किस्से, दोन्ही साठतात. धूळ निदान झाडता तरी येते! किस्से कोपऱ्याकोपऱ्यात दबा धरून बसतात आणि चार माणसं चहाला जमली की एकेक बाहेर येतो. आम्ही वडसा गावातल्या घरात गालिचे टाकले, तेव्हाचे तर इतके आहेत की कुठला आधी सांगू आणि कुठला मागे ठेवू, असं होतं मला!

आधी घर सांगते. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, दिवाळी झाली की नाटकांचा सीझन लागतो. आम्ही रात्री गावोगाव नाटकं करायची आणि दिवसा झोपायचं. कंपनीचा मुक्काम शेवंताबाईंच्या जुन्या दुमजली घरात. त्या खाली, आम्ही वर. त्यांच्या सासऱ्यांचा लाकडाचा धंदा होता, म्हणून या घरात विटा कमी आणि सागवान जास्त. जिना सागाचा, वरच्या खोल्यांची जमीनही सागाच्या फळ्यांची. दिसायला एकदम राजेशाही! पण कुणी पाण्याचा तांब्या घेऊन वर चढला, तरी वाटायचं, धाड पडली!

मी कंपनीत आईची कामं करते. स्टेजवर सगळ्यांची आई, घरी सगळ्यांची मावशी. आणि आमचा खलनायक म्हणजे यशवंतभाऊ. पोस्टरवर हिरोपेक्षा त्याचा फोटो मोठा असतो, यातच सगळं आलं. तर ऐन सीझनमध्ये या यशवंतभाऊचा आवाज बसला! डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे झोप. दिवसा नीट झोपला नाहीत, तर हा सीझन विसरा." हे ऐकून कंपनीचे मालक आणि दिग्दर्शक मधुभाऊ खालीच बसले. तारखा सगळ्या यशवंतभाऊच्या नावावर बुक झालेल्या!

आता झोपणार कसं? जिना तर दिवसभर वाजतो.

* * *

पहिल्या दिवशी सगळे मांजरीसारखे चालत होते. तरी दुपारी कुणीतरी धाडधाड वर आलंच. यशवंतभाऊ दचकून जागा झाला. ओरडायला आवाज नाही! मग त्याने पांघरुणातूनच कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "जिन्यावर कोण आहे???"

झालं! प्रत्येक खोलीत प्रत्येक उशीखाली फोन वाजला. अख्खी कंपनी एकदम जागी! त्यावर प्रत्येकाने उत्तर पाठवलं, "मी नाही." तेही वाजलं!

* * *

त्याच संध्याकाळी ठरलं, जिन्यावर आणि खोल्यांमध्ये गालिचा टाकायचा. पण मधुभाऊ म्हणजे घरातली वस्तू असताना बाजारात जाणारा माणूस नव्हे. त्यांनी गाडीतून नाटकाचा एक जुना पडदा काढला. त्यावर जंगल आणि मधून वाहणारी नदी रंगवलेली. "हा घ्या गालिचा! आर्टिस्टिक!"

पडदा जिन्यावर अंथरला. नदी बरोब्बर मधून वरून खाली. आमची हिरोईन पल्लवी नागपूरची, ती पहिल्याच पायरीशी थांबली. "मधुभाऊ, हे घसरेल हो."

"काही घसरत नाही. मी दाखवतो!" असं म्हणून मधुभाऊ वर गेले, रुबाबात वळले आणि पहिला पाय टाकला. पुढचं दिसलंच नाही. एकदम खाली, पडद्यासकट!

शेवंताबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मधुभाऊ जंगलात गुंडाळलेले, फक्त डोकं बाहेर. बाई म्हणाल्या, "काऊन जी, पूर आला होता का?"

* * *

मग खरा गालिचा घ्यायचं ठरलं आणि रंगावरून महाभारत! मधुभाऊंना लाल हवा, राजदरबारासारखा. पल्लवीला क्रीम. आणि यशवंतभाऊने कागदावर लिहून दाखवलं, "गुलाबी."

आम्ही कागद पुन्हा वाचला. हा माणूस स्टेजवर आला की पोरं आयांच्या पदरात शिरतात, आणि याला गुलाबी! त्याने खाली आणखी लिहिलं, "फिका."

भांडण काही मिटेना. शेवटी शेवंताबाई पायरीवर बसल्या. आमच्याकडे खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खात नाही असा कलाकार शोधून सापडणार नाही, आणि खर्ऱ्याची पिचकारी कुठे जाईल याचा भरवसा नाही. बाई म्हणाल्या, "लाल नाई, गुलाबी नाई. तुमी खर्रा खाऊन जे थुंकून राह्यले ना, त्याच रंगाचा घ्या. डागच दिसनार नाई!"

एकमताने पास! असा आमचा रंग ठरला. फक्त यशवंतभाऊच्या पलंगाशी एक गुलाबी तुकडा मंजूर झाला. आजारी माणूस म्हणून.

* * *

ब्रह्मपुरीच्या बाजारात एक मोठं दुकान आहे, पडदे, गाद्या, गालिचे. आम्ही चौघं गेलो. दुकानदार मन लावून समजावत होता, "जिन्याले आखूड केसाचा, दाट विणीचा घ्या, पाय घसरत नाई. झोपायच्या खोलीले जाड, मऊ." पल्लवी हात फिरवून बघत होती, मधुभाऊ नखाने खरवडत होते. यशवंतभाऊने मात्र चपला काढल्या आणि एका जाड गालिच्यावर सरळ आडवाच झाला. डोळे मिटून बघूया, मऊ आहे का ते.

डोळे मिटले ते मिटलेच! भर दुकानात घोरायला लागला. कितीतरी दिवसांत त्याला अशी झोप लागली नव्हती, त्यामुळे उठवायचा जीव होईना. दुकानदारही भला माणूस. त्याने पंखा लावला आणि गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं.

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आल्या. खाली बघून थबकल्या. "अवं पोरी, हा तर तोच! नाटकातला नालायक!"

मी म्हटलं, आता काही खरं नाही. पण बाईंनी वाकून त्याचा चेहरा न्याहाळला. मग हळूच लेकीला म्हणाल्या, "झोपून हाय तवर किती गरीब दिसते वं!"

जिन्यासाठी आखूड केसाचा आणि खोल्यांसाठी तोच गालिचा घेतला. ज्यावर तो झोपला होता, तोच!

* * *

फिटर आला आणि नवीनच संकट. जिन्यावर गालिचा बसवायचा तर प्रत्येक पायरीला पट्टी हवी आणि पट्टीला खिळे. शेवंताबाई जिन्याला आडव्या उभ्या राहिल्या. "माह्या जिन्याले एकबी खिळा लागनार नाई! सासऱ्यानं सोता उभं राहून बनवला."

फिटर म्हणाला, "बाई, खिळा नाई, स्क्रू लावतो."

"स्क्रू म्हनजे खिळाच. फक्त गोलगोल फिरून जाते!"

मधुभाऊंनी विनवलं, मी विनवलं. बाई हलेनात. मला तर रडूच यायला लागलं, कारण यशवंतभाऊचा आवाज आता कुजबुजण्याइतकाही उरला नव्हता. त्याच्या घरी दोन लेकी शिकणाऱ्या, आणि या माणसाला दुसरं काहीच येत नाही.

तेवढ्यात तो स्वतःच जिना उतरून आला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. बाईंच्या समोर उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं, नुसती हवा आली. मग हात जोडले.

शेवंताबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. "काय तोंड झालं वं या मानसाचं!" त्या बाजूला झाल्या आणि फिटरवर खेकसल्या, "उभा काऊन राह्यला? लाव ना स्क्रू! अन् सरके लाव, वाकडे नोको!"

* * *

गालिचा बसला आणि काय सांगू! घरात इतकी शांतता की आपल्याच घरात आहोत ना, अशी शंका यायची. यशवंतभाऊ ढाराढूर झोपायला लागला. आवाजही हळूहळू परतू लागला.

फक्त एक झालं. आता कोण वर आलं, ते कळेनासं झालं. शेवंताबाईंची एक बकरी होती. गुळगुळीत सागावर तिचे खूर घसरायचे, म्हणून ती कधी वर येत नसे. गालिचा पडला आणि तिला रस्ता मिळाला! एका दुपारी ती निवांत वर आली, यशवंतभाऊच्या खोलीत गेली आणि त्याच्या गुलाबी तुकड्यावर पाय पोटाशी घेऊन झोपली. गार वारा होता, त्याचं अर्धं पांघरूण खाली लोंबत होतं, ते तिच्या अंगावर.

पल्लवी सामान शोधत तिथे गेली. डोळ्यांतल्या लेन्स काढलेल्या. रात्रीच्या नाटकासाठी साधूची दाढी हवी होती, आणि पांघरुणाखालून दाढी तर दिसत होती! तिने धरून ओढली.

दाढी ओरडली! पल्लवी ओरडली! आणि त्या गोंधळात यशवंतभाऊ ताडकन उठून असा गरजला, असा गरजला की खाली शेवंताबाईंच्या हातातली परात पडली. मधुभाऊ धावत वर आले. आम्हाला वाटलं, आता याला ओरडणार. त्यांनी तर त्याला मिठी मारली. "आवाज आला! अरे, अख्खा आला!"

त्या दिवशी बकरीला भिजवलेली चणाडाळ मिळाली.

* * *

पण खरी मजा आरमोरीच्या अलीकडच्या गावी झाली. संध्याकाळी आमची बस निघाली, मागून सेटची गाडी. बसवाल्यांना वाटलं, यशवंतभाऊ सेटच्या गाडीत आहे. सेटच्या गाडीवाल्यांना वाटलं, बसमध्ये. तो कुठे होता? वर, गाढ झोपेत! एवढी माणसं जिना उतरून गेली, त्याला पत्ताच नाही.

जाग आली तर घर रिकामं. त्याने घाईघाईने तिथेच मेकअप केला, मिशी चिकटवली, आणि रस्त्यावर येऊन एका सवारी जीपमध्ये घुसला. जीप बायकांनी भरलेली, आणि सगळ्या निघालेल्या आमच्याच नाटकाला!

बायकांनी त्याला बघितलं आणि पदर सावरत एकमेकींना चिकटून बसल्या. फक्त एक म्हातारी आजी समोर बसली होती, ती म्हणाली, "काय गा, मागं लेकीच्या गावाले पाह्यलं तुहं नाटक. तू सोताच्या मायले थापड मारते?"

"आजी, ते नाटकात लिहिलं आहे."

"लिवनाऱ्याचं मी नंतर पाहीन. तू आज मारनार नाई. शब्द दे, नाईतर उतर!"

यशवंतभाऊने आशेने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "भाऊ, देऊन टाका शब्द. जीप आजीच्याच पोराची हाय."

दिला शब्द! काय करतो?

इकडे आमचा जीव टांगणीला. पडदा वर गेला, तेव्हा कुठे तो धापा टाकत विंगेत पोहोचला. मला यातलं काहीच माहीत नाही. पहिला अंक रंगात आला. त्या नाटकात त्याची आई मीच. तो दागिने मागतो, मी नाही म्हणते, तो मला थप्पड मारतो, मी पडते आणि तिथून पुढे सगळं कथानक. थप्पड नाही तर नाटकच नाही!

त्याने हात उगारला. मी गाल पुढे केला. आणि समोरच्या सतरंजीवरून आवाज आला, "भाऊ! शब्द देल्ला होता!"

अख्खा मंडप आजीकडे वळला. यशवंतभाऊचा हात हवेतच.

मी दात आवळून कुजबुजले, "मार ना रे!"

"नाही मारत, मावशी. शब्द दिलाय."

"अरे, मग पुढे कसं जायचं?"

"ते मला काय माहीत!"

विंगेतून मधुभाऊ दोन्ही हातांनी खुणा करत होते. पेटीवाल्याने तोच सूर किती वेळ धरून ठेवायचा! हजारो डोळे आमच्यावर. थप्पड तर व्हायलाच हवी होती.

मग मीच मारली!

सणसणीत! यशवंतभाऊ खरोखरच खाली बसला. मंडपात शिट्ट्या, टाळ्या, बायका उभ्या राहिल्या. आणि त्या सगळ्या गोंगाटातून आजीचा खणखणीत आवाज आला,

"हव! आता जमलं नाटक!"