खोटी चिकटपट्टी

"ऱ्हुमॅटिक फीवर आहे, सांधे धरतो आणि हृदयावर जातो," डॉक्टर म्हणाले. मी लगेच विचारलं, "किती दिवसात बरं व्हईल?" कंडक्टरची सवय, गाडी कधी पोचणार ते आधी कळायला हवं. ते म्हणाले, "ते तुमच्यावर आहे."

सत्त्याण्णव साल. आम्ही येडगावचे. माझी एकुलती सुजाता पाचवीत. आधी तिचा घसा दुखला, मग गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. आम्ही म्हटलं, उड्या मारते, लचकला असेल. तुमच्या लेकराची सूज अशी जागा बदलत असेल तर घरी तेल चोळत बसू नका, बाबांनो.

नारायणगावच्या डॉक्टरांनी इको करायला पुण्याला धाडलं. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक झडप, म्हणजे हृदयातलं दार, किंचित गळत होती. उपाय पेनिसिलीनचं इंजेक्शन. दर एकवीस दिवसांनी, कित्येक वर्षं. चुकवायचं नाही.

आमच्या मंडळींनी, मंगलनं, कॅलेंडरवर लाल खुणा केल्या आणि घरात पोलीस चौकीच उघडली. परीक्षा असो, पाहुणे असोत, चुकवायचं नाय म्हंजे नाय. पोरगी रडली तरी हिचा चेहरा हलायचा नाही. मला लई राग यायचा. काळीज हाय का दगड? माझं उलटं. तिनं नुसतं "पप्पा" म्हटलं की मी खल्लास. त्या इंजेक्शनानं पोर दोन दिवस लंगडायची हो!

नेण्याचं काम माझं. एकदा दवाखान्याच्या पायरीवर तिनं बसकणच मारली. "पप्पा, आजच्या दिवस नको." गुडघे तर बरे दिसत होते. आम्ही भेळ खाल्ली. मेडिकलमधून कापूस आणि चिकटपट्टी घेतली, तिच्या कमरेवर चिकटवली आणि घरी आलो. मंगलनं पट्टी बघून तिला जवळ घेतलं. "शाणी गं माझी बाय." तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. असं तीनदा केलं.

मग ताप चढला, दोन्ही गुडघे सुजले, चार पायऱ्यांत धाप. अ‍ॅडमिट केलं. रक्त, ईसीजी, परत इको. बाकड्यावर बूड टेकेना, मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन चुकलंय का?"

मंगल ताठ मानेनं म्हणाली, "एक बी न्हाई. ह्यांनी सोता नेलंय."

भरल्या एसटीत ओरडणारा माणूस मी, खाली बघून पुटपुटलो, "तीन चुकली. म्या चुकवली."

मंगलनं माझ्या हातातली दवाखान्याची फाईल काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, "गळती वाढलीय. आता चुकलं तर ऑपरेशन." ते आजवर टळलंय, हे आधीच सांगून टाकतो.

घरी आल्यावर मंगलच पोरीला नेऊ लागली. मी बोलायचं कोणत्या तोंडानं? तिसऱ्या खेपेला सुजाताच म्हणाली, "पप्पा, तुमी पण चला. आई आत येत न्हाई. बाहेर भिंतीकडं तोंड करून रडती."

तिघं गेलो. मंगल दारातूनच मागं फिरली. मी आत सुजाताचे दोन्ही हात धरून बसलो. नर्सबाईंच्या हातात सुई दिसताच ती किंचाळली, "पप्पा, नको म्हणा ना त्यांना! सोडा!"

मी ढसाढसा रडत होतो. हात सोडले नाहीत.