वन्संना ऐकू येणारा सूर

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. कुठे काना राहून जाईल, कुठे वेलांटी भलतीकडे वळेल, आणि अक्षर तर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. माफ करा. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून लिहायला बसले. कुणाला दाखवायचं नाहीये. पण कुणाच्या हाती पडलंच तर एवढं लक्षात घ्या – भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मी कधी काही मानलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या घरी पोळ्या करते. नुकतं माणूस गेलेल्या घरातही एकटीने कणीक मळली आहे. कधी मागे वळून बघितलं नाही.

आम्ही बिबवेवाडीत राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. घरात मी, मुलगा निखिल आणि वन्सं – म्हणजे यांच्या मोठ्या बहीण. हे ट्रकवर असतात, महिन्यातून चार दिवस घरी. वन्संना ऐकू जवळजवळ येतच नाही. पाठीमागे कुकरची शिट्टी झाली तरी मान वळत नाही. कानाच्या मशीनसाठी त्यांनी वाती वळून, लोकांचे पापड लाटून अठरा हजार साठवले होते. बँकेवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता. पैसे माझ्या ट्रंकेत ठेवायला दिले होते.

ते मी निखिलला दिले.

तो नापास होऊन घरी बसला होता. भिंतीकडे तोंड करून झोपून राहायचा, जेवायचा नाही. मग कुठल्याशा मुलांनी त्याला बँडमध्ये घेतो म्हणून सांगितलं, पण गिटार स्वतःची हवी. "आई, दिवाळीपर्यंत परत करतो," म्हणाला. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार आणि आवाजाचा तो डबा, दोन्हीत मिळून सगळे पैसे गेले. वन्संनी मशीनचं विचारलं तेव्हा त्यांच्या कानाला तोंड लावून मी ओरडून सांगितलं, की डॉक्टर परगावी गेलेत. आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात मी एवढं एकच खोटं बोलले असेन.

गिटार छान वाजायची. फक्त जाड तारेवर, वरच्या बाजूला बोट ठेवलं की सूर हलायला लागायचा. पंख्यासमोर बसून आ केलं की आवाज कसा कापत येतो, तसा. निखिल वैतागायचा. मला वाटलं माझीच चूक – खंडेनवमीला मी कात्री, विळी, पोळपाट-लाटण्याबरोबर गिटारही पूजली होती, हळदकुंकू चांगलं सढळ हाताने वाहिलं होतं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. एका दुपारी निखिल वाजवत होता आणि वन्सं आतल्या खोलीत वाती वळत होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी मान वळवली. म्हणाल्या, "हे काय हलतंय गं?"

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. निखिलने दुसरे सूर वाजवले, जोरात वाजवले. वन्सं आपल्या वाती वळतायत. पुन्हा तो कापरा सूर वाजवला.

"हं, हाच," म्हणाल्या. "बंद कर. बरं नाही वाटत."

निखिलला गंमत वाटली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

खडकीला कांबळे म्हणून आहेत, बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात. निखिलबरोबर मीही गेले. त्यांनी तारांखालून कुंकू झाडलं आणि विचारलं, "काकू, हिचं लग्न लावलंत का?" मग समजावून सांगितलं, की तारांखाली लोहचुंबकं असतात. ती फार वर आली तर तारेला ओढतात, तार मोकळी हलत नाही, आणि एका सुराचे दोन होऊन आपसांत भांडतात. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून त्यांनी चुंबकं खाली घेतली. सूर सरळ झाला. मला इतकं हलकं वाटलं... म्हटलं, चला, लोखंडाचाच दोष होता.

घरी आल्यावर पुन्हा तेच. डब्याची वायर काढून नुसती तार छेडली तरी तेच. पुन्हा खडकी – तिथे सूर स्वच्छ. तारा बदलल्या, दांडा तपासला. घरी आणली की कापायला लागायची. शेवटी कांबळे म्हणाले, "एवढ्या फेऱ्यांत बसवाल्यांचं भलं झालं. आता मीच येतो."

आले. वन्सं तेव्हा खाली गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. कांबळ्यांनी तो सूर वाजवला, एकदम सरळ. पुनःपुन्हा वाजवला. माझ्याकडे असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वाजवता वाजवता सूर हलला. त्यांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं. हलतोच आहे, वाढतोच आहे. आणि दारात वन्सं, कमरेवर पिठाचा डबा.

कांबळ्यांनी त्यांना खुणेने पुन्हा जिन्यात उभं राहायला सांगितलं. मग हात करून आत बोलावलं. मग परत बाहेर. वन्सं बिचाऱ्या काही न समजता येत-जात होत्या. त्या बाहेर गेल्या की सूर सरळ, आत आल्या की कापरा. कांबळ्यांनी पिशवी आवरली.

"काकू, गिटारचं होतं ते मी केलं. राहिलेलं गिटारमध्ये नाही," म्हणाले. पैसेही घेतले नाहीत.

वन्सं गिटारकडे बघत होत्या. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंगल, माझं मशीन ते हेच का?"

मी मान डोलावली.

"मग निदान धड तरी वाजवा," म्हणाल्या आणि पिठाचा डबा आत घेऊन गेल्या.

निखिल त्यांच्या पाया पडला. गिटार विकतो म्हणाला. वन्संना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं. "विकून निम्मे येतील. मला पुरे हवेत," एवढंच बोलल्या. यांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही, आजवर नाही.

मी आणखी दोन घरांच्या पोळ्या धरल्या. निखिल पार्सल पोचवायला लागला, पुन्हा परीक्षेलाही बसला. जमतील तसे पैसे वन्संच्या हातावर ठेवायचो. मला वाटायचं, जसजसे फिटतील तसा सूर सरळ होत जाईल. दर वेळी पैसे दिले की मी निखिलला वाजवायला सांगायची. काही फरक नाही, तितकाच कापरा. आणि सहा हजार द्यायचे राहिले होते तेव्हा, कसलं कारण नाही, काही नाही, तो आपोआप थांबला. वन्सं शेजारी बसल्या होत्या तरी सरळ. वन्संनाही मग काहीच ऐकू आलं नाही.

आणि आता जे लिहिते त्याची मला जास्त लाज वाटते. तो थांबल्यावर मी ढिली पडले. दोन महिने एक रुपया दिला नाही. एकदा गॅस, एकदा यांचा ताप... वन्संनी विचारलं नाही. सूरही काही बोलेना. मग मनात यायला लागलं, की बारा हजार म्हणजे काही थोडे नाहीत. घरातलंच तर माणूस आहे.

एका संध्याकाळी वन्सं माझ्याशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. निखिल तोच सूर वाजवत होता, आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. ऐकायला येत नाही म्हणून त्या नेहमीच तोंडाकडे बघतात. त्या दिवशी मला ते सोसलं नाही.

कांबळ्यांनाही अजून काही सांगता येत नाही. निखिलने इंटरनेटवर शोधलं, तिथेही तेच, चुंबक आणि स्क्रू. बाई आत आली की तार का कापावी, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला तरी कुठून कळणार.

पोळ्यांच्या दोन घरांतून उचल घेतली, निखिलचा पगार घेतला आणि काल दुपारी राहिलेले सहा हजार वन्संच्या हातावर ठेवले. त्यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या. मग आधीचे बारा काढून तेही मोजले. मी तोवर उभी होते.

"पुरे आहेत," म्हणाल्या. "आता बस."