केरुबोबाईंचं सरोवर

शाळेत पोरांची नखं तपासण्यात हयात घालवून केरुबोबाई निवृत्त झाल्या आणि न्यारोका शहराच्या उतारावर त्यांनी घर बांधलं. प्लॉट विकणाऱ्याने कॉलनीचं नाव ठेवलं होतं 'लेक व्ह्यू'. समोर खरंच तीन तळी होती, पाण्यात बदकं होती. बाईंनी सगळ्या खिडक्या मुद्दाम त्याच बाजूला काढल्या.

वारा फिरला तेव्हा कळलं, सरोवर म्हणजे शहराचं सांडपाणी केंद्र. संडासाचं पाणी पहिल्या तळ्यात यायचं, गाळ खाली बसायचा, पुढचं काम ऊन आणि शेवाळ करायचं आणि तिसऱ्या तळ्यातून निवळलेलं पाणी नदीला मिळायचं. बदकं होती तिसऱ्या तळ्यावर. बाईंचं घर होतं पहिल्यासमोर.

बाई तडक नगरसेवक ओंचारीकडे गेल्या. तो त्यांचाच विद्यार्थी. अजूनही त्यांच्यापुढे त्याचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

"बाई, केंद्र हलवायला वर्षं लागतील."

"मग बंद कर. पाणी थेट नदीत सोड. नदी वाहती असते, नेते घेऊन."

"कुठे, बाई?"

"खाली."

खाली म्हणजे कुठे, हे ओंचारीने विचारलं नाही. निवडणूक तोंडावर होती आणि खालची मतं त्याच्या वॉर्डात नव्हती. फीत कापून, भाषण ठोकून, सगळ्यांना सोडा पाजून त्याने केंद्राला कुलूप लावलं. राखणदार न्याम्वेयाने पगार चालू राहील ना, एवढं विचारून घेतलं आणि तो घरी गेला. तळी आटली. वास गेला, बदकंही गेली. सरोवर दुरुस्तीला काढलंय, असं बाई पाहुण्यांना सांगू लागल्या.

एका रविवारी त्यांची थोरली बहीण मोरा आली. नदीकाठच्या खालच्या गावात तिचा भाजीचा मळा होता. या वेळी तिच्या हातातली टोपली रिकामीच होती.

"भाजी नाही आणलीस, अक्का?"

"नदीच्या पाण्यावरची आहे. खाशील?" मोरा ओट्यावर टेकली. "मासे पोट वर करून तरंगतात. पोरांना जुलाब लागलेत. पाद्रीबाबांनी नदीतला बाप्तिस्मा पुढे ढकलला. म्हणाले, या पाण्यात बुडवलं तर पाप जाईल की नाही ते देव जाणे, पण माणूस नक्की जाईल."

बाईंनी चहा ओतला.

"कोणी केलं गं हे?" मोराने विचारलं. "वरचीच कुणी शिकलेली माणसं असणार."

"मी केलं," बाई म्हणाल्या. "वास येत होता."

"कोणाचा?"

बाईंनी साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला. मोरा चहा पीत राहिली. मग म्हणाली, "आम्ही तुझ्याकडे तरी येतो. आमच्या खाली अजून गावं आहेत. त्यांनी कुणाच्या दारात जायचं?"

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा ओंचारीकडे.

"केंद्र उघड."

"पण बाई, तुम्हीच तर—"

"मीच. चुकलं माझं."

"लोक काय म्हणतील?"

"बाईंना उशिरा अक्कल आली म्हणतील. म्हणू देत."

ओंचारीने पुन्हा फीत कापली. मागे मी कॉलनीला वासातून सोडवलं, आज नदीला घाणीतून सोडवतो, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण सोडा याही वेळी होता. न्याम्वेयाला मात्र घरून ओढून आणावं लागलं.

पावसाळा सरता सरता खालच्या बायका पुन्हा नदीवर कपडे धुऊ लागल्या. मासे अजून परतायचे आहेत. इकडे वारा फिरला की कॉलनीत कुरकुर सुरू होते. मग बाई कुरकुरणाऱ्याला चहाला बोलावतात आणि विचारतात, "तुमच्या घरी संडास आहे ना?"

हल्ली त्यांच्याकडे चहाला फारसं कुणी येत नाही.