दुसऱ्याचे ओरखडे

शेजारच्या नाडकर्ण्यांनी सुती हातमोजे चढवून पेटी उघडली. मखमलीवर सतरा जुनी मनगटी घड्याळं होती, बटण दाबलं की सेकंदाचे तुकडे मोजणारी. सगळी बंद. "चावी देत नाही मी. यंत्र झिजतं," ते म्हणाले. मग एका वैमानिकाच्या जुन्या घड्याळाच्या कडेवरचा ओरखडा त्यांनी मला भिंगातून दाखवला. "पॉलिश केलं की मोल गेलं. हा अस्सल आहे."

असेलही. पण तो त्या वैमानिकाच्या मनगटावर पडलेला. स्वतःला कुठे खरचटू नये म्हणून जन्मभर अंग चोरून जगायचं, दुसऱ्याचे ओरखडे विकत आणायचे आणि वर त्याला रसिकता म्हणायचं! पादुका पुजायच्या आणि दारापर्यंतही चालायचं नाही, तसलाच हा प्रकार. मला त्या पांढऱ्या हातमोज्यांची शिसारी आली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली, "अहो, अंडी उकडायला ठेवलीयत. सात मिनिटं झाली की सांगा हं."

"मोबाइलवर लाव की!" भिंगावरची नजर न हलवता नाडकर्णी ओरडले.

आभाळातली उड्डाणं मोजून आलेल्या त्या घड्याळाला या घरात एक अंडंसुद्धा मोजायला मिळालं नाही.