वकिलांच्या शेताची मोजणी

नोटीस चार दिवस आप्पांच्या खिशात होती. कानडीत असल्यामुळं त्यांना वाचता येईना, आणि गावात कुणाला दाखवायचं धाडस होईना. रविवारी मी बेळगावहून येळ्ळूरला माहेरी गेले, तेव्हा घड्या पडलेला तो कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"तू शाळंत कानडी शिकलीस न्हवं? बघ गं काय लिवलंय."

शेताची मोजणी होती, पुढच्या सोमवारी.

ते तीन एकरांचं शेत आमचं नव्हतं, बेळगावातल्या एका वकिलांचं होतं. आजोबांपासून आम्ही ते अर्धेलीनं करत आलो. पावसाळ्यात भात, मागून मसूर. अर्धं पीक त्यांच्या घरी, अर्धं आमच्या. जमीन कुळांच्या नावावर करायचा कायदा आला तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी अर्ज दिले. आजोबांनी दिला नाही. माझी आत्या लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा वकिलांनी तिला आपल्या मोटारीतून दवाखान्यात नेलं होतं. त्या माणसाविरुद्ध कागद करायचा नाही, एवढंच आजोबा म्हणाले. मोठेपणी मला याचा राग यायचा. उताऱ्यावर आमचं नाव कुठंच नव्हतं.

आता वकील वारले होते आणि गावाभोवती शेतांचे प्लॉट पडत होते. आप्पांनी मनात धरलं, संपलं सगळं. त्यांचं जेवणच सुटलं.

सोमवारी मी शाळेतून रजा काढली आणि आप्पांबरोबर शेतावर गेले. बांधावर वकिलांची मुलगी उभी होती, साठी ओलांडलेली, डोक्यावर छत्री. तिचा भाऊ आला नव्हता. मोजणीदार साखळी ओढत होते. आप्पा कोवळ्या मसुरीवर कुणाचा पाय पडतोय, तेवढंच बघत होते. शेवटी मीच विचारलं, "आक्का, शेत विकणार आहात का?"

"भाऊ विकणार आहे, रस्त्याकडचं दीड एकर. मी विहिरीकडचं मागून घेतलं. ते विकायचं नाही." मग ती आप्पांकडं वळली. "तुम्हीच कराल ना? भाऊ सारखा सांगतोय, आता तुम्ही कोर्टात जाणार म्हणून. मला झोप नाही हो."

आप्पा बघतच राहिले. "आमी कोर्टात? आक्का, आमाला वाटलं, तुमी आमाला काढताय!"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमच्या वडलांनी अर्ज दिला नव्हता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा शेवटपर्यंत बोलायचे."

मी पडले मास्तरीण, सगळं पक्कं करून घ्यायची सवय. म्हटलं, "पुढं कधी विकायची वेळ आली तर?"

"तर पहिल्यांदा तुम्हाला. तसं लिहून देते. मीही वकिलाचीच मुलगी आहे."

उभी मसूर काढेपर्यंत भावाच्या वाट्यालाही कुणी हात लावणार नाही, हेही तिनं कबूल केलं. हद्दीचे दगड रोवून झाले. आप्पा बांधावरच खाली बसले.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दीड एकर गेलंच की वो."

"गेलं," आप्पा म्हणाले. "वाढ आता. लई भूक लागलीया."

तीन भाकऱ्या खाऊन ते भिंतीला टेकले आणि बसल्या जागीच त्यांचा डोळा लागला. आईनं पुढचं ताट उचललं तरी त्यांना जाग आली नाही.